गुंठे आणि कोठारे : ‘मुळशी पॅटर्न’च्या निमित्ताने

उपासना-चक्राच्या ‘क’ वर्षात, सामान्य काळातील अठराव्या रविवारी, संत लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील मूर्ख धनवानाचा दाखला चर्चमध्ये वाचला जातो. दर तीन वर्षांनी येणारा हा उतारा माझ्या धर्मगुरूपणाच्या काळात अनेकदा माझ्या वाट्याला आला. त्यासाठीचे माझे टिपणही ठरलेले असे. धन नाशवंत आहे, मरण अटळ आहे, कफनाला खिसा नसतो. या शेवटच्या वाक्यावर भाविकांच्या माना हमखास डोलत आणि मिस्सा संपल्यावर कोणी ना कोणी येऊन म्हणे, “फादर, आज प्रवचन छान झाले.”

हिंजवडीच्या परिसरात सेवेसाठी आल्यावर या टिपणाला एक आयते उदाहरण मिळाले. ते उदाहरण म्हणजे ‘गुंठामंत्री’. हा शब्द कोणी घडवला कोण जाणे, पण पुण्याच्या आसपासच्या गावांनी तो उचलला आणि तो मराठीत रुळला. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. गुंठ्यागुंठ्याने वडिलोपार्जित रान विकून ज्याच्या गळ्यात बोटभर जाडीची साखळी आणि दारात उंच मोटार आली, तो गुंठामंत्री. मोटारीला फुलांचे हार, वाढदिवसाचे फलक, लग्नात घोड्याऐवजी हेलिकॉप्टर, आणि काही वर्षांनी सारे ओसरल्यावर उरलेली रिकामी बैठक. मूर्ख धनवान म्हणून बोट दाखवायला यापेक्षा सोयीचा माणूस कोठे सापडणार? मीही ते बोट दाखवले.

२०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यातील पहिल्या रविवारी तो उतारा पुन्हा आला, तेव्हा मात्र मला ते टिपण वापरवेना. कारण त्याच आठवड्यात, सात वर्षे उशिरा का होईना, मी ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट पाहिला होता. प्रस्तुत लेख त्या चित्रपटाविषयी आहे आणि त्या दाखल्याविषयीही आहे. एक कलाकृती आणि एक शुभवर्तमान शेजारी ठेवून वाचल्यास दोहोंवर प्रकाश पडतो का, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रवीण विठ्ठल तरडे यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा मराठी चित्रपट २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. ओम भुतकर, मोहन जोशी, उपेंद्र लिमये, महेश मांजरेकर आणि स्वतः तरडे यांच्या त्यात भूमिका आहेत. पुढे २०२१ साली महेश मांजरेकर यांनी याच कथेवर ‘अंतिम’ हा हिंदी चित्रपट केला. तरडे हे मुळशी तालुक्याचेच सुपुत्र. त्यामुळे चित्रपटातील माती, बोली आणि अपमान हे सारे आतून आलेले आहे, बाहेरून पाहून टिपलेले नाही.

कथा थोडक्यात अशी. मुळशीतील एक शेतकरी जमीन विकतो. हाती आलेला पैसा जसा येतो तसा जातो. काल ज्याच्या नावाने सातबारा होता, त्याला आज दुसऱ्याच्या दारी राबावे लागते. त्याचा तरुण मुलगा राहुल हा अपमान गिळू शकत नाही. तो गुन्हेगारीच्या वाटेला लागतो, त्या जगात वर चढतो आणि त्या जगाच्या नियमाप्रमाणेच रक्तात संपतो. चित्रपटातील हिंसा आणि शिवराळ भाषा पाहता तो लहान मुलांसह बसून पाहावा असा नाही, हे मी धर्मगुरू या नात्याने प्रथम नोंदवतो. तथापि आपल्या धर्मग्रामातील जाणत्या पालकांनी तो पाहावा, असेही मला तितक्याच स्पष्टपणे वाटते.

या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश म्हणजे त्याने गुंठामंत्र्याची टिंगल थांबवली. शहरी माणसाने विनोदासाठी वापरलेला तो शब्द तरडे यांनी उलटा करून दाखवला आणि त्याच्या आतले अस्तर फाटलेले आहे हे आपल्याला पाहायला लावले. मोहन जोशी यांनी उभा केलेला बाप पाहताना हे विशेष जाणवते. पोराच्या ऱ्हासाचा आरंभ आपल्या एका सहीपासून झाला, ही जाणीव त्या बापाच्या चेहऱ्यावर, खांद्यांच्या वाकण्यात आणि न बोललेल्या वाक्यांत आहे. पापकबुलीला आलेला आणि पापाचे नाव सापडत नसलेला माणूस मी अनेकदा पाहिला आहे. जोशींचा बाप तसा दिसतो. ओम भुतकर यांच्या राहुलविषयी म्हणावे लागेल की, हा अभिनेता क्रौर्य दाखवतानाही भूक विसरू देत नाही. ही भूक पोटाची नाही, मानाची आहे. जमीन गेली म्हणजे नुसते उत्पन्न गेले असे होत नाही. गावाच्या पारावर बसण्याची जागा जाते, हे त्याच्या डोळ्यांतून कळते.

आता चित्रपटाचे उणेपण. पहिले उणेपण सर्वांच्या लक्षात येण्याजोगे आहे. ज्या वैभवाचा धिक्कार करण्यासाठी चित्रपट उभा आहे, त्या वैभवाच्या चकाकीवर त्याचा कॅमेरा आणि त्याचे संगीत स्वतःच भाळलेले दिसते. त्यातील गाजलेल्या गाण्यावर गणपतीच्या मिरवणुकांत आणि वरातींत पोरे बेभान नाचली. त्यांनी त्या गाण्यातला दरारा घेतला, चित्रपटाच्या शेवटातले प्रेत घेतले नाही. पापाचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी पाप इतके आकर्षक रंगवायचे की प्रेक्षकाने परिणाम विसरावा, हा जुनाच पेच आहे. प्रवचनकारही त्यातून सुटलेले नाहीत. उधळ्या पुत्राचे दूरदेशातील दिवस आम्ही जितके रंगवून सांगतो, तितके त्याचे परत येणे सांगत नाही.

दुसरे उणेपण अधिक खोल आहे आणि ते पाहण्यासाठी शुभवर्तमानाकडे वळावे लागते.

‘मुळशी पॅटर्न’ला पैसा व्यर्थ वाटतो, कारण तो संपतो. जमीन टिकणारी होती, पैसा टिकला नाही, म्हणून शोकांतिका झाली. चित्रपटाचा हिशेब असा आहे. मग प्रश्न उरतो की, तो टिकला असता तर? त्या बापाने शहाणपणाने वागून रक्कम बँकेत ठेवली असती, दोन गाळे घेऊन भाड्याने दिले असते, पोराला अभियंता केले असते, तर गोष्ट सुखान्त झाली असती का? चित्रपटाचे मूक उत्तर ‘होय’ असे आहे. आपल्यापैकी बहुतेकांचेही उत्तर तेच असेल. प्रभू येशूचे उत्तर मात्र तसे नाही, आणि मूर्ख धनवानाच्या दाखल्याचे सगळे मर्म याच एका ठिकाणी आहे.

तो दाखला नीट वाचून पाहावा. त्यातील माणूस उधळ्या नाही. तो दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, कोणाची जमीन लुबाडत नाही. त्याची संपत्ती चोरीची नाही. मूळ वाक्यात पीक आले ते जमिनीला आले. तेथे कर्ता जमीन आहे, धनवान नव्हे. पीक भरघोस आल्यावर तो विचार करतो, नियोजन करतो, जुनी कोठारे अपुरी आहेत म्हणून मोठी बांधण्याचे ठरवतो आणि पुढच्या अनेक वर्षांची तरतूद करतो. आजच्या भाषेत सांगायचे तर हा माणूस निवृत्तीचे नियोजन करतो आहे. दूरदृष्टीचा, जबाबदार, कर्ज घेण्यास पात्र असा हा गृहस्थ आहे. कोणताही बँक व्यवस्थापक त्याला उठून खुर्ची देईल. आणि नेमक्या याच माणसाला देव मूर्ख म्हणतो.

का म्हणतो? मरण त्याच रात्री आले म्हणून का? मरण तर शहाण्यांनाही रात्रीच गाठते. सेमिनरीत शिकत असताना आमच्या प्राध्यापकांनी या उताऱ्यातील दोन गोष्टींकडे आमचे लक्ष वेधले होते. त्यांचे महत्त्व तेव्हा कळले नाही, आता कळते.

पहिली गोष्ट अशी की, हा माणूस सबंध दाखल्यात फक्त स्वतःशी बोलतो. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य आणि अखेरीस माझा जीव. बायको नाही, मुले नाहीत, गडी नाही, शेजारी नाही, देव नाही. इतके धान्य एकट्याने कापले जात नाही. कापणाऱ्यांचे हात कोठे गेले? त्याच्या मनात त्यांना जागाच नाही. त्याचे कोठार मोठे होण्यापूर्वीच त्याचे जग लहान झाले आहे.

दुसरी गोष्ट शब्दाची आहे. त्या रात्री त्याचा जीव ‘मागितला’ जातो असे आपण वाचतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ नुसते मागणे असा नाही. दिलेले परत मागणे असा आहे. म्हणजे उसने दिलेले, कर्जाऊ दिलेले, आता परत मागितले जात आहे. ज्याला तो ‘माझा जीव’ म्हणत होता, तो त्याचा नव्हताच. तो ऋणकरी होता आणि स्वतःला सावकार समजत होता. त्याचा मूर्खपणा एवढाच, पण तो संपूर्ण आहे.

हे ध्यानात घेतले की कफनाच्या खिशाचे माझे वाक्य किती तोकडे होते हे उमगते. धन मेल्यावर सोबत येत नाही एवढेच जर येशूला सांगायचे असते, तर त्यासाठी शुभवर्तमानाची गरज नव्हती. उपदेशकाच्या पुस्तकाने ते आधीच सांगून ठेवले आहे आणि त्याच रविवारी पहिल्या वाचनात ते आपण ऐकतोही. येशू त्यापुढे जातो. धन जिवंतपणीच, आणि टिकून असतानाच, माणसाला एकटे करून व्यर्थ ठरू शकते असे तो सांगतो.

आणि हा दाखला त्याने कोणत्या प्रसंगी सांगितला? गर्दीतील एकाने त्याच्याकडे मागणी केली की, वडिलांच्या मिळकतीचा वाटा मला द्यायला माझ्या भावाला सांगा. भावाभावांची वाटणी! हिंजवडी, माण, मारुंजी या गावांतील कोणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. जमिनीला भाव आल्यावर न्यायालयात गेलेले भाऊ, हक्कसोडपत्रावर सही केल्यापासून माहेरचा उंबरा न चढलेल्या बहिणी, आईच्या दहाव्यालाही एकमेकांकडे न पाहणारी तोंडे. येशूने त्या माणसाला न्याय नाकारला नाही. त्याने वाटणी करण्याचे नाकारले. कारण वाटणी नीट झाली तरी भाऊ परत मिळणार नव्हता.

येथे मला हिंजवडीच्या उत्तरेस, वीसएक किलोमीटरच्या आतच असलेल्या देहूची आठवण होते. तुकाराम महाराजांच्या घराण्यात महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली. परंपरा सांगते की, त्यानंतर त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते काढली, निम्मी धाकटा भाऊ कान्होबा याला दिली आणि स्वतःच्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत बुडवली. ही कथा वैराग्याची कथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला क्रम अधिक महत्त्वाचा वाटतो. आधी भावाचा वाटा, मग स्वतःचा त्याग. भावाच्या वाट्याचे वैराग्य त्यांनी परस्पर करून टाकले नाही. आणि नदीत काय बुडाले? सोने नव्हे, नाणे नव्हे. गरिबांच्या मानेवरचे येणे बुडाले. त्या दिवशी देहूच्या पंचक्रोशीत कितीतरी घरांत लोक हलके होऊन झोपले असतील. एकाचा त्याग ही अनेकांची सुटका झाली.

लूकच्या बाराव्या अध्यायातील भावाने जे मागितले, ते देहूच्या भावाने न मागता दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते काय उगीच? त्या पुलाखालून वाहणाऱ्या नदीत ही खते आहेत, हे आपण विसरू नये.

आता पुन्हा मुळशीकडे. जमीन विकणारा माणूस मूर्ख, एवढ्यावर हा विषय संपवणे अन्यायाचे होईल, कारण त्याला एक इतिहास आहे. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशीत धरण बांधायला घेतले, तेव्हा १९२१ साली याच तालुक्यातील मावळ्यांनी जमीन सोडण्यास नकार देऊन सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्याचे सेनापती झाले आणि पुढे आयुष्यभर ‘सेनापती’ म्हणूनच ओळखले गेले. धरण थांबले नाही. शेते आणि गावे पाण्याखाली गेली. आंबेमोहोर भाताची कीर्ती असलेल्या या तालुक्याच्या पूर्व टोकाला, हिंजवडीत, १९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाची उभारणी सुरू केली. काही जमीन संपादनात गेली, काही विकली गेली. एका शतकात या तालुक्याने जमिनीसाठी तुरुंगात जाणारी माणसे पाहिली आणि जमिनीच्या पैशापायी तुरुंगात जाणारी माणसेही पाहिली. हा प्रवास समजून न घेता नुसते नातवंडांना हसणे सोपे आहे.

पवित्र शास्त्रात जमीन न विकणाऱ्या माणसाची एक कथा आहे. राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकविसाव्या अध्यायातील नाबोथाची. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. राजा त्याला अधिक चांगला मळा किंवा योग्य किंमत देऊ करतो. व्यवहार म्हणून पाहता यात अन्याय काहीच नाही. तरी नाबोथ नाही म्हणतो, कारण वाडवडिलांचे वतन त्याच्या लेखी विकण्याची वस्तू नाही. मग ईझबेल खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडमार होतो आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यायला निघतो. तेथे त्याला एलिया संदेष्टा गाठतो. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी या नाबोथावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तो प्राचीन अहाबाला उद्देशून न लिहिता आपल्या काळच्या श्रीमंतांना उद्देशून लिहिला. अहाब मेला तरी त्याची जागा रिकामी राहत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

‘मुळशी पॅटर्न’ ही उलटी केलेली नाबोथाची कथा आहे. येथे नाबोथ सही करतो. दगड नंतर पडतात. आणि तरडे यांच्या चित्रपटात ज्याची मला फार उणीव भासली, तो म्हणजे एलिया. गुंड आहे, पोलीस आहे, दलाल आहे, बांधकाम व्यावसायिक आहे. पण मळ्याच्या दारात उभे राहून खरेदीदाराला प्रश्न विचारणारा कोणी नाही. विकणाऱ्याच्या वाट्याला संपूर्ण शोकांतिका येते. घेणाऱ्याच्या वाट्याला काही प्रसंग येतात. आणि त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत राहायला येणारा तर चौकटीतच नाही.

वाचकहो, तो चौकटीबाहेरचा माणूस म्हणजे आपण आहोत.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे कोठून आली? कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, मंगळूरहून, केरळहून, आणि कितीतरी जुन्या नगर जिल्ह्यातून व मराठवाड्यातून. नोकरीच्या ओढीने आली, कष्टाने शिकलेली, हप्त्यांवर घर घेतलेली. यातील बहुतेकांनी कोणाचे काही लुबाडलेले नाही. पण मूर्ख धनवानानेही लुबाडले नव्हते. महिन्याच्या पहिल्या तारखेला हप्ता, दुसऱ्या घरासाठी बचत, मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी गुंतवणूक, आणि या सगळ्यात स्वतःशीच चाललेले एक अखंड संभाषण : माझे घर, माझी बढती, माझी मुले, माझा निवृत्तीनंतरचा काळ. मोठ्या कोठारांचा नकाशा हाच नव्हे काय? गुंठामंत्र्याला मूर्ख म्हणणारे माझे ते प्रवचन ऐकून माना डोलावणाऱ्यांत गुंठामंत्री एकही नव्हता. सारे कोठारवाले होते, आणि प्रवचनपीठावर उभा असलेला मीही होतो. चर्चच्या बांधकामनिधीचे आकडे रविवारी वाचताना माझा आवाज कसा चढतो, हे मला ठाऊक आहे.

यात आणखी एक पदर आहे. नगर जिल्ह्यातील आपल्या अनेक कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रभूच्या वाटेवर आले, तेव्हा गावगाड्याच्या कडेला राहणारी ती माणसे जवळजवळ भूमिहीन होती. विकायला त्यांच्याकडे गुंठाही नव्हता. त्यांच्या नातवाने हिंजवडीत घर घेतले तर ते मला पाप वाटत नाही. ती मला ईश्वरी कृपेची एक खूण वाटते. ज्याच्याकडे काही नव्हते त्याला संपत्तीची व्यर्थता शिकवणे ही क्रूर थट्टा आहे. पण त्याच कुटुंबाने आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या, आपल्याच आजीसारख्या बाईला लिफ्ट वापरण्यास मनाई करणाऱ्या नियमावर निमूटपणे सही करावी, तेव्हा मात्र कोठार किती लवकर बांधले जाते हे कळते.

आणि वसईकरांना मी काय सांगावे? वाड्या विकण्याची कथा त्यांना मुळशीकरांकडून शिकायची नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत उभे राहिले, धमक्या आल्या तरी हटले नाहीत. २०२४ साली ते प्रभूकडे गेले. या चित्रपटात नसलेला एलिया आपल्या समाजात होता, हे आपण अभिमानाने सांगू शकतो. अभिमानाबरोबर हेही सांगावे लागेल की, त्यांचे ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या काहींनीही पुढे विहिरी बुजवून इमारती बांधू दिल्या.

मग करायचे काय? सर्व विकून आश्रमात जायचे का? ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले, तेव्हापासून ख्रिस्तसभेने खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केला आहे. त्याचबरोबर त्या हक्काला मर्यादाही घातली आहे. १९८७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते असा विचार मांडला. गृहकर्ज घेतलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आपल्या घरावर बँकेचे गहाण आहे हे आपण एक दिवसही विसरत नाही. त्याच घरावर दुसरेही एक गहाण आहे, गरिबांचे, आणि त्याचा हप्ता मात्र आपण बिनदिक्कत थकवतो. चौथ्या शतकात संत बेसिल यांनी मूर्ख धनवानाच्या याच उताऱ्यावर प्रवचन करताना कपाटातली जादा भाकर भुकेल्याची आणि पेटीत पडून असलेले वस्त्र उघड्याचे आहे, असे ठणकावले होते. ती दानाची भाषा नव्हती. देणे फेडण्याची भाषा होती.

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर जमिनीवर आपला मालकीहक्क सांगतो आणि माणसांना आपल्याकडचे पाहुणे ठरवतो. म्हणून दर पन्नासाव्या, योबेल वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी असा नियम घालतो. २०२५ हे ख्रिस्तसभेचे ज्युबिली वर्ष होते. आपण यात्रा केल्या, पवित्र द्वारे ओलांडली, प्रार्थना म्हटल्या. त्या वर्षात आपल्यापैकी कोणी कोणाला काही परत केले का? भावाशी असलेला दावा मागे घेतला का? गावाकडच्या बहिणीला तिचा वाटा न मागता दिला का? कामवालीने उचललेली आगाऊ रक्कम वहीतून खोडली का? योबेलाचा अर्थ तेवढाच आहे, आणि इंद्रायणीत बुडालेल्या खतांचाही.

‘मुळशी पॅटर्न’ ही परिपूर्ण कलाकृती नाही. तिच्यात भडकपणा आहे, तिच्या उपदेशात घाई आहे आणि आपल्याच गाण्याच्या तालावर ती स्वतः वाहवत जाते. तरीही एका धर्मगुरूला आपले जुने टिपण फाडायला लावण्याइतका सच्चेपणा तिच्यात आहे. संपत्ती कशी जाते हे ती दाखवते. संपत्ती राहिली तर माणूस कसा जातो, हे दाखवणारा मराठी चित्रपट अजून व्हायचा आहे. त्याची कथा कोणाला हवी असल्यास ती कोठल्याही गुंठामंत्र्याच्या बैठकीत शोधावी लागणार नाही. चौदाव्या मजल्यावर मिळेल.

मध्यंतरी अशाच एका उंच इमारतीत एका कुटुंबाचे नवे घर आशीर्वादित करण्यासाठी मी गेलो होतो. पवित्र जल शिंपडून झाले, प्रार्थना झाली, पेढे झाले. खाली उतरल्यावर वाहनतळाच्या कोपऱ्यात दोन मोटारींच्या मधे शेंदूर लावलेला एक दगड दिसला. पुढे ताजे फूल होते. पहारेकरी वयस्कर होता. मी विचारले, तर म्हणाला, “बांधावरचा म्हसोबा हाय. बांध गेला, ह्यो ऱ्हायला.” कोणाचा बांध, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते, असे आता वाटते.

घराला आशीर्वाद देताना मी दाराच्या चौकटीवर, स्वयंपाकघरात, निजण्याच्या खोल्यांत पवित्र जल शिंपडतो. त्या दिवसापासून एक प्रथा मी स्वतःपुरती सुरू केली आहे. निघण्यापूर्वी कुटुंबाला घेऊन सज्जात उभा राहतो आणि ही जमीन आपल्याआधी ज्यांनी कसली, त्यांच्यासाठी एक ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणायला सांगतो. त्यांची नावे आम्हाला ठाऊक नसतात. क्षणभर सारे गोंधळतात, मग म्हणतात. त्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेली आहे आणि लगेच पुढे ऋणांची क्षमा मागितलेली आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानात मुळात शब्द ऋणाचाच आहे. भाकर आणि ऋण प्रभूने शेजारी ठेवले, कोठाराचा उल्लेखही केला नाही.